उसाला शून्य

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी शिवदासमामा कोरेगावहून येतो.
सदर बझारातल्या कँटीनमधून
साबण, चहा आणि कागदात गुंडाळलेली एक बाटली घेऊन
जिना चढतो, प्रत्येक पायरीला उजवा पाय आधी.

या वेळी टेबलावर ताट ठेवायला जागा नव्हती.
नकाशा पसरला होता,
षटकोनांची जाळी, मधमाश्यांनी आखावी तशी.
एक खण म्हणजे चाळीस मीटर.
टेकडी मी ओळखीचीच घेतली होती, त्याच्या गावामागची,
फक्त नाव पुसून 'उंची ७८२' लिहिलं होतं.
त्यानं चष्मा लावला.
"ही तर आपली म्हसोबाची टेकडी. आन् हीर कुठंय?"

विहीर मी विसरले होते.

मग त्याला तक्ता दाखवला.
उघडं माळरान, काही नाही.
बांधाआड असाल तर फाशातून एक वजा.
दगडी ताल, दोन. पक्कं घर, तीन.
उसालाही दोन दिले होते मी,
बारा फुटी आडसाली, आत शिरलं की माणूस दिसत नाही म्हणून.
तो हसला. तंबाखूची डबी मिटली.
"दिसत न्हाई ते येगळं, वैजू, आन् लागत न्हाई ते येगळं.
तिकडं पंजाबात बी ऊस हाय.
माणूस लपतो त्यात, गोळी कुठं थांबती?
दणका मागनं येतो,
आधी पाल्याचा भुगा पडतो खांद्यावर."

मी खोडरबर घेतला.
उसाला शून्य केलं
आणि शेजारी नवा रकाना पाडला: नजरेला अडथळा.

"नांगरटीला काय दिलंस?"
चाल निम्मी, म्हटलं.
"आन् आडोसा?"
आडोसा नाही. नुसती ढेकळं तर असतात.
"ढेकळामागं झोपलीस कधी?
मुठीएवढं असतं. त्याच्यामागं डोकं ठेवलं
की घराएवढं हुतं."
मग किती देऊ?
बाहेर पोवई नाक्याकडं कुणीतरी हॉर्न दाबून धरला होता.
तो संपेपर्यंत मामा बोलला नाही.
"शून्यच दे. पर ज्याचं डोकं हाय
त्याला सांगू नगंस."

जेवणं झाली. खेळायला बसलो.
माझी मशीनगन तालीमागे, त्याची तुकडी ओढ्यातून वर येणारी.
दोन फासे टाकले, बेरीज आठ, तक्त्यात बोट सरकवलं
आणि त्याची सोंगटी उलटी केली.
"मेले?"
नाही. दबले. एक फेरी मान वर काढायची नाही,
गोळी नाही, हालचाल नाही.
"हे बराबर लिव्हलंस," तो म्हणाला,
"समद्यात ज्यास्त हेच हुतं.
लागणारी येखादीच. बाकीच्या नुसत्या
माती दाखवायला."
आणि एक फेरी म्हंजे किती?
दोन मिनिटं.
"दोन मिंटं," म्हणाला तो,
दुकानदारानं सांगितलेला भाव आपण परत म्हणतो तसा,
आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला,
काटा बाराच्या पुढे दोनदा गेला तरी.

नजरेची रेषा बघायला मी शिवणाच्या डब्यातला काळा दोरा वापरते.
एक टोक माझ्या बंदुकीवर, एक त्याच्या बोटाखाली.
दोरा नेमका दोन खणांच्या कडेवरून गेला,
एकीकडे ताल, एकीकडे उघडं.
"आता?"
आता आडोसा धरायचा.
शंका आली की बचावणाऱ्याच्या बाजूनं.
"कुणी केला ह्यो नियम?"
माहीत नाही, मामा. बहुतेक खेळांत असतो.

दोरा त्यानं सोडला नाही.
ताणला होता म्हणून की काय, बारीक थरथरत होता.

मग पेन्सिल मागितली.
चौथ्या ओळीत, आंब्याच्या खुणेखाली
त्यानं विहीर काढली. गोल. आत पायऱ्याही काढल्या, मोजून सात.
"हिला चार दे."
एका खणात मावत नव्हती ती,
तीन खणांच्या रेषा तिच्याखाली गेल्या.
मी काही बोलले नाही.
"टाक," तो म्हणाला, "तुझी पाळी हाय."